‘-ओ२’ मागितला, चालला ‘-ओ३’: कंपायलरच्या परस्परविरोधी फ्लॅगांचा छडा

सोर्स कोडची एक ओळही बदललेली नसताना एका मशीनवर विनातक्रार पूर्ण होणारी बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याची प्रक्रिया) दुसऱ्या मशीनवर अडते. कधी बिल्ड पूर्ण होते, पण डीबगरमध्ये कोणतेही व्हेरिएबल पाहायला जावे तर ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ एवढेच उत्तर मिळते, आणि मेकफाईल (बिल्डच्या सूचनांची फाईल) उघडावी तर तिच्यात ‘-ओ०’, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद, असे स्वच्छ लिहिलेले असते. कधी मुद्दाम बंद केलेली वॉर्निंग कंपायलर बदलताच पुन्हा डोके वर काढते. या तक्रारी वरवर वेगवेगळ्या दिसल्या, तरी त्यांच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट निघते: कंपायलरपर्यंत पोचलेल्या कमांडमध्ये एकाच बाबीविषयी दोन आदेश असतात, त्यांतला एक कंपायलर पाळतो, दुसरा सोडून देतो, आणि पुष्कळदा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

ही अडचण एकदा सोडवली म्हणून संपत नाही, कारण ती कमांड कोणी एकट्याने लिहिलेली नसते. थोडे फ्लॅग (कंपायलरला दिलेले पर्याय) मेकफाईल किंवा सीमेक (बिल्डच्या फाईली तयार करणारे साधन) घालते, थोडे ‘सीफ्लॅग्ज’सारख्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येतात, थोडे पॅकेज तयार करणारी यंत्रणा जोडते, आणि काही तर त्या लिनक्स वितरणाच्या कंपायलरमध्येच आधीपासून गृहीत धरलेले असतात. अशा वेळी हवा तो फ्लॅग सर्वांच्या शेवटी चिकटवून मोकळे होण्याचा मोह होतो. पण असा चिकटवलेला प्रत्येक फ्लॅग पुढच्या माणसासाठी आणखी एक विरोधी आदेश ठरतो, आणि काही फ्लॅगांच्या बाबतीत तर शेवटी असण्याला काहीच किंमत नसते. कोणता आदेश जिंकला हे तर्काने ठरवू नये, ते कंपायलरलाच विचारावे आणि दुरुस्ती तो विरोध जिथे निर्माण झाला तिथेच करावी, एवढ्या दोन गोष्टी पाळल्या तरी या जातीच्या बहुतेक तक्रारी कायमच्या मिटतात.

(फ्लॅग, मॅक्रो आणि व्हेरिएबल यांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये ती मूळ रोमन अक्षरांत, लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळून टाइप करावी लागतात.)

शेवटचा जिंकतो, पण नेहमी नाही

जीसीसी या प्रचलित कंपायलरच्या मॅन्युअलमध्ये ऑप्टिमायझेशनच्या (प्रोग्राम वेगवान करण्याच्या) पातळीबद्दलचा नियम स्पष्ट आहे: ‘-ओ’ कुळातील एकाहून अधिक फ्लॅग दिले, तर शेवटचा लागू होतो. म्हणजे ‘-ओ२ -जी -ओ०’ (यातला ‘-जी’ डीबग माहितीसाठी) या क्रमात ऑप्टिमायझेशन बंद राहते आणि ‘-ओ० -जी -ओ२’ या क्रमात ते चालू होते. आकड्याशिवाय नुसता ‘-ओ’ म्हणजे ‘-ओ१’ असतो, ही बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. त्यामुळे जुन्या मेकफाईलच्या टोकाला राहून गेलेला नुसता ‘-ओ’ आधीच्या ‘-ओ३’ला खाली ओढतो आणि प्रोग्राम मंद का झाला याचा शोध भलतीकडेच सुरू होतो. सी भाषेची आवृत्ती ठरवणारे ‘-एसटीडी=सी११’ आणि ‘-एसटीडी=सी१७’ एकत्र आले, किंवा एखादा ‘-एफ’ने सुरू होणारा फ्लॅग आणि त्याचेच ‘-एफनो’ हे नकाररूप एकत्र आले, तरीही शेवटचाच चालतो.

मात्र पातळी आणि सुटा फ्लॅग यांची गाठ पडली की हा नियम थांबतो. ‘-एफनो-ट्री-व्हेक्टराइझ -ओ३’ अशी कमांड दिली, तर ‘-ओ३’ नंतर आला म्हणून व्हेक्टरायझेशन (एका वेळी अनेक आकड्यांवर क्रिया करण्याचे ऑप्टिमायझेशन) पुन्हा सुरू होईल असे वाटते, पण जीसीसी आधी पातळी ठरवून तिचे सर्व परिणाम मूळ गृहीत म्हणून मांडतो आणि मग स्पष्टपणे दिलेले सुटे फ्लॅग त्यावर लावतो; त्यामुळे ते बंदच राहते. कमांडमध्ये हवी ती आज्ञा दिसत असूनही ती लागू होत नाही असे जे प्रसंग येतात, त्यांतले बरेच या एका वाक्यात उलगडतात.

वॉर्निंगच्या फ्लॅगांचा प्रांत याहून निराळा आहे, आणि जीसीसी व क्लँग या दोन कंपायलरांत खरी फारकत होते ती इथेच. ‘-डब्ल्यूनो-अनयूज्ड-व्हेरिएबल -डब्ल्यूऑल’ हा क्रम घ्या: पहिला फ्लॅग एक वॉर्निंग बंद करतो, दुसरा वॉर्निंगचा मोठा गट चालू करतो. जीसीसीच्या दृष्टीने अधिक नेमका फ्लॅग कमी नेमक्या फ्लॅगावर मात करतो, मग तो कमांडमध्ये कुठेही असो. समान नेमकेपणाच्या दोन फ्लॅगांमध्ये मात्र नंतरचा चालतो. म्हणून जीसीसीमध्ये न वापरलेल्या व्हेरिएबलची वॉर्निंग या क्रमातही बंद राहते. क्लँग वॉर्निंगचे फ्लॅग डावीकडून उजवीकडे वाचत जातो, आणि नंतर आलेला ‘-डब्ल्यूऑल’ आपल्या गटातील सर्व वॉर्निंग, तीही धरून, पुन्हा चालू करतो. त्यात वॉर्निंगला एरर मानणारा ‘-डब्ल्यूएरर’ असला, तर जीसीसीवर निर्धोक चालणारी बिल्ड क्लँगवर पहिल्याच फाईलला थांबते आणि दोष कोडचा आहे असा समज होतो. व्यापक फ्लॅग आधी आणि नेमके फ्लॅग नंतर, हा क्रम ठेवला की दोन्ही कंपायलरांकडून एकच वागणूक मिळते, आणि माझ्या मते प्रकल्प सध्या एकाच कंपायलरवर चालत असला तरी ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी.

याच प्रांतातला आणखी एक सापळा असा की अनोळखी वॉर्निंग बंद करण्याचा फ्लॅग जीसीसी मुकाट्याने गिळतो. ‘-डब्ल्यूनो’च्या पुढील नावात टाइपिंगची चूक असली, तर दुसरे काही निदान छापण्याची वेळ येईपर्यंत तो त्याविषयी काहीच सांगत नाही, क्लँग मात्र अशा फ्लॅगाबद्दल वॉर्निंग देतो. आणि लहान अक्षरातील ‘-डब्ल्यू’ कमांडमध्ये कुठेही असला, तरी सर्व वॉर्निंग गप्प होतात, मग नंतर कितीही वेळा ‘-डब्ल्यूऑल’ लिहा. बाहेरून आणलेल्या लायब्ररीच्या बिल्ड फाईलमधून हा फ्लॅग आपल्या फ्लॅगांत मिसळला, तर महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

हेडर (इतर फाईलींत समाविष्ट होणाऱ्या परिभाषांच्या फाईली) शोधण्याचे मार्ग तर उलट्या दिशेने चालतात. मोठ्या अक्षरातील ‘-आय’ने दिलेल्या डिरेक्टरी दिल्या त्या क्रमाने तपासल्या जातात, त्यामुळे एकाच नावाचे हेडर दोन ठिकाणी असेल तर आधी दिलेली डिरेक्टरी जिंकते, शेवटची नव्हे. शिवाय तीच डिरेक्टरी ‘-आयसिस्टम’नेही दिलेली असली, तर ‘-आय’ दुर्लक्षिला जातो आणि ती डिरेक्टरी सिस्टम डिरेक्टरींच्या साखळीतील आपल्या जागेवरच तपासली जाते. ‘-व्ही’ फ्लॅग लावून चालवल्यास अशी वगळलेली प्रत्येक डिरेक्टरी कंपायलर नावासकट छापतो, हे ‘चुकीच्या आवृत्तीचे हेडर उचलले जात आहे’ या तक्रारीत फार उपयोगी पडते. काम अनुक्रमे प्रीप्रोसेसिंग, असेम्ब्ली आणि ऑब्जेक्ट फाईल या टप्प्यांवर थांबवणारे ‘-ई’, ‘-एस’ आणि ‘-सी’ एकत्र आले तर क्रमाला अर्थ नसतो. जो फ्लॅग काम सर्वांत लवकर थांबवतो, तोच लागू होतो.

मॅक्रोंच्या (कोडमधील नावाला किंमत देणाऱ्या परिभाषांच्या) बाबतीत जीसीसी परिभाषा करणारा ‘-डी’ आणि ती रद्द करणारा ‘-यू’ दिलेल्या क्रमाने हाताळतो. एकच मॅक्रो दोन वेगळ्या किमतींनी दोनदा दिला, तर दुसरी किंमत लागू होते, पण ‘रीडिफाइन्ड’ अशी वॉर्निंगही मिळते. दोन्ही किमती तंतोतंत सारख्या असतील तर काहीच होत नाही. पॉसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात २०२४ पर्यंत असलेल्या ‘सी९९’ या कमांडचा नियम याहून वेगळा आहे: तिथे ‘-यू’चे वजन ‘-डी’पेक्षा जास्त असते आणि क्रम काहीही असला तरी ते नाव अपरिभाषितच राहते. दोन्ही जगांत चालावी अशी मेकफाईल लिहायची असेल, तर एकाच नावासाठी दोन्ही फ्लॅग वापरण्याच्या वाटेलाच जाऊ नये.

मायक्रोसॉफ्टचा कंपायलर या बाबतीत बोलका आहे. वॉर्निंगची पातळी ठरवणाऱ्या ‘/डब्ल्यू३’नंतर ‘/डब्ल्यू४’ आला, तर तो नवा मानतो आणि डी९०२५ या क्रमांकाची वॉर्निंग देऊन कोणता फ्लॅग कोणत्या फ्लॅगाने झाकला ते सांगतो. सीमेकच्या ३.१५ पूर्वीच्या आवृत्त्या ‘/डब्ल्यू३’ स्वतःहून घालत असल्यामुळे ही वॉर्निंग कित्येक प्रकल्पांत वर्षानुवर्षे दिसत राहिली. सीमेकचे सीएमपी००९२ हे धोरण नव्या वागणुकीवर ठेवले की ती मुळापासून जाते. मात्र ‘/ओ२’ आणि प्रोग्राम चालतानाच्या तपासण्या घालणारा ‘/आरटीसी१’ एकत्र आले, तर तो निवड करत नाही, सरळ डी८०१६ ही एरर देऊन थांबतो. जावाचा ‘जावासी’ही ‘--रिलीज’ आणि ‘--सोर्स’ एकत्र स्वीकारत नाही. असे थेट नकार देणारे कंपायलर सुरुवातीला त्रासदायक वाटतात, पण निदान चूक कुठे आहे हे लपवत तरी नाहीत.

आधी प्रत्यक्ष कमांड हाती घ्यावी

तपासाची सुरुवात मेकफाईल वाचण्याने करू नये, कारण मेकफाईल म्हणजे कमांड नव्हे. ऑटोमेकवर चालणाऱ्या प्रकल्पात ‘मेक व्ही=१’, सीमेकने तयार केलेल्या मेकफाईलसाठी ‘मेक व्हर्बोस=१’ आणि निंजासाठी ‘निंजा -व्ही’ दिल्यास प्रत्येक फाईलसाठी चाललेली संपूर्ण कमांड दिसते. त्यातली बिघडलेल्या फाईलची एकच ओळ वेगळी काढावी आणि पुढची सर्व तपासणी तिच्यावरच करावी. कमांडमध्ये ‘@’ या चिन्हाने सुरू होणारे फाईलचे नाव दिसले, तर त्या फाईलमधील फ्लॅग नेमके त्याच जागी घातले जातात, हे क्रम मोजताना विसरू नये.

पण ही ओळही अंतिम नसते. ‘जीसीसी’ या नावाने चालणारा प्रोग्राम प्रत्यक्षात एखादी आवरण-स्क्रिप्ट असू शकतो, आणि ती स्क्रिप्ट आपले फ्लॅग गुपचूप जोडते. निक्स या पॅकेज व्यवस्थापकात तर हीच नेहमीची रचना आहे. विंडोजवर ‘सीएल’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधील फ्लॅग कमांडच्या आधी जोडले जातात आणि ‘_सीएल_’मधील फ्लॅग शेवटी, या दोहोंचा मागमूस बिल्डच्या लॉगमध्ये असतोच असे नाही. म्हणून वेगळ्या काढलेल्या ओळीला ‘-’ आणि तीन हॅश चिन्हे असलेला फ्लॅग जोडून ती पुन्हा चालवावी. जीसीसी आणि क्लँग दोघेही तेव्हा काहीही कंपाइल न करता आतील टप्प्यांना जाणाऱ्या कमांड छापतात. क्लँगच्या बाबतीत तर ड्रायव्हरने निवाडा करून झाल्यावर उरलेला ‘-ओ’ तेवढाच तिथे दिसतो, त्यामुळे वाद मिटायला वेळ लागत नाही.

जीसीसीला थेट प्रश्नही विचारता येतो. सर्व फ्लॅग जसेच्या तसे ठेवून त्यांच्या शेवटी ‘-क्यू --हेल्प=ऑप्टिमायझर्स’ लिहिल्यास प्रत्येक ऑप्टिमायझेशन चालू आहे की बंद ते यादीच्या रूपात मिळते; ‘ऑप्टिमायझर्स’च्या जागी ‘वॉर्निंग्ज’ किंवा ‘टार्गेट’ लिहिल्यास त्या-त्या गटाची स्थिती कळते. ‘-क्यू’ हा ‘--हेल्प’च्या आधी असला पाहिजे, नाहीतर स्थितीऐवजी नुसती वर्णने छापली जातात. मॅक्रोंसाठी ‘-डीएम -ई’ लावून रिकामी फाईल दिली की कंपायलरने परिभाषित केलेले सर्व मॅक्रो समोर येतात, आणि त्यांत ‘__ऑप्टिमाइझ__’ आहे की नाही एवढे पाहिले तरी ऑप्टिमायझेशनबद्दलचा निम्मा संशय फिटतो. तयार ऑब्जेक्ट फाईलच हातात असेल आणि ती डीबग माहितीसह बनलेली असेल, तर ‘रीडएल्फ’ने त्या माहितीतील ‘प्रोड्यूसर’ ही नोंद वाचावी. जीसीसीच्या अलीकडच्या आवृत्त्या कोड-निर्मितीवर परिणाम करणारे फ्लॅग तिथे आपोआप नोंदवतात. ‘-डी’ने दिलेले मॅक्रो मात्र त्या नोंदीत नसतात.

एक नमुना जवळून: ‘_फॉर्टिफाय_सोर्स’

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न या मॅक्रोभोवती फिरतो, म्हणून तो सविस्तर पाहणे योग्य. हा मॅक्रो परिभाषित असला की ग्लिबसी (लिनक्सवरील सीची मूळ लायब्ररी) स्मृतीशी संबंधित फंक्शनांत अधिक तपासण्या घालते, पण त्या तपासण्यांना ऑप्टिमायझेशन लागते. समजा, पॅकेजिंगच्या व्यवस्थेने ‘-ओ२ -डी_फॉर्टिफाय_सोर्स=२’ दिले आणि प्रकल्पाच्या मेकफाईलने डीबग बिल्डसाठी शेवटी ‘-ओ०’ जोडला. पातळीच्या नियमाने ‘-ओ०’ जिंकतो, पण मॅक्रोचा या वादाशी संबंधच नसल्यामुळे तो जागेवर राहतो. मग ग्लिबसीचे हेडर ‘ऑप्टिमायझेशनसह कंपाइल करणे आवश्यक आहे’ अशा आशयाची वॉर्निंग प्रत्येक फाईलसाठी देते, आणि ‘-डब्ल्यूएरर’ असेल तर बिल्ड तिथेच संपते. येथे दोन फ्लॅग एकमेकांच्या विरोधात आहेत हे कमांडकडे पाहून कळत नाही, कारण त्यांची नावे एकमेकांशी जुळत नाहीत.

त्यावरचा उपाय ‘-डब्ल्यूएरर’ काढून टाकणे हा नव्हे. डीबग बिल्डमध्ये ‘-ओ०’ऐवजी ‘-ओजी’ (डीबगिंगला सोयीची ऑप्टिमायझेशन पातळी) चालत असेल तर तो घ्यावा. डीबगिंग बऱ्यापैकी सोयीचे राहते आणि तपासण्याही टिकतात. ‘-ओ०’च हवा असेल, तर जिथे ‘-ओ०’ जोडला जातो तिथेच ‘-यू_फॉर्टिफाय_सोर्स’ही जोडावा, म्हणजे दोन्ही निर्णय एकत्र राहतील. निक्सच्या शेलमध्ये हीच तक्रार आली, तर आवरणाच्या फ्लॅगांशी झुंजण्यापेक्षा ‘हार्डनिंगडिसेबल’मध्ये ‘फॉर्टिफाय’ नोंदवणे सरळ ठरते.

याच मॅक्रोची दुसरी तक्रार ‘रीडिफाइन्ड’ची असते. उबुंटू आणि जेंटू यांसारख्या वितरणांच्या कंपायलरांत हा मॅक्रो आधीच गृहीत धरलेला असतो. त्यावर प्रकल्पाने वेगळी पातळी मागितली, उदाहरणार्थ २ गृहीत असताना ३, की किमती जुळत नाहीत आणि वॉर्निंग येते. आधी ‘-यू’ आणि लगेच पुढे ‘-डी’ देणे हा सर्वमान्य उपाय, पण सीमेकमध्ये तो अर्धवट केला तर उलटतो. सीमेक परिभाषा कमांडच्या आरंभी आणि बाकीचे फ्लॅग त्यानंतर ठेवते. ‘-यू’ सर्वसाधारण फ्लॅगांत आणि ‘-डी’ परिभाषांच्या यादीत लिहिला, तर प्रत्यक्ष कमांडमध्ये ‘-डी’ आधी आणि ‘-यू’ नंतर येतो, आणि संरक्षण पूर्णपणे बंद पडते, तेही कोणत्याही वॉर्निंगशिवाय. दोन्ही ‘टार्गेट_कंपाइल_ऑप्शन्स’मध्येच, लागोपाठ लिहावेत.

कमांडमध्ये ‘-एफपिक’ आहे, तरी लिंकर तोच मागतो

शेअर्ड लायब्ररी जोडताना लिंकर (ऑब्जेक्ट फाईली एकत्र जोडणारा प्रोग्राम) ‘-एफपिकसह पुन्हा कंपाइल करा’, म्हणजे स्मृतीत कुठेही बसू शकेल असा कोड बनवा, असे सांगतो आणि लॉगमध्ये तो फ्लॅग स्पष्ट दिसत असतो, तेव्हा माणूस चक्रावतो. बहुतेक वेळा त्याच ओळीत पुढे कुठेतरी ‘-एफपाय’ (असाच, पण फक्त एक्झिक्युटेबलसाठीचा फ्लॅग) असतो, जो कोणीतरी सर्वच फाईलींसाठी सुरक्षिततेच्या हेतूने घातलेला असतो. या कुळात शेवटचा फ्लॅग लागू होतो, आणि ‘-एफपाय’ने बनलेला कोड एक्झिक्युटेबलसाठी योग्य असला तरी शेअर्ड लायब्ररीत चालत नाही. ‘-डीएम -ई’च्या यादीत ‘__पाय__’ दिसला की शंका उरत नाही. ‘__पिक__’ पाहून निष्कर्ष काढू नये, कारण तो दोन्ही प्रसंगी परिभाषित असतो. ‘-एफपाय’ केवळ एक्झिक्युटेबलच्या फ्लॅगांत हलवावा.

सीमेकमधील दोन नेहमीचे सापळे

लेखाच्या शीर्षकातील तक्रार येथली आहे. एन्व्हायर्नमेंटमधील ‘सीफ्लॅग्ज’मध्ये ‘-ओ२’ ठेवून रिलीज बिल्ड मागितली, तर सीमेक आधी सर्वसाधारण फ्लॅग, नंतर त्या बिल्ड-प्रकाराचे फ्लॅग आणि शेवटी टार्गेटचे (ज्या प्रोग्रामची वा लायब्ररीची बिल्ड चालू आहे तिचे) फ्लॅग लिहिते. रिलीजसाठी जीसीसी व क्लँगवर मूळ फ्लॅग ‘-ओ३ -डीएनडीबग’ असतात, ते नंतर येतात आणि ‘-ओ२’ हरतो. पातळी बदलायची तर ‘सीमेक_सी_फ्लॅग्ज_रिलीज’ हे व्हेरिएबल बदलावे. शिवाय एन्व्हायर्नमेंटमधील किंमत फक्त पहिल्या कॉन्फिगरेशनच्या वेळी वाचली जाते आणि मग कॅशमध्ये बसते. नंतर ‘सीफ्लॅग्ज’ कितीही बदलले तरी त्याच बिल्ड डिरेक्टरीत काही फरक पडत नाही. ‘कालपर्यंत चालत होते’ या वर्गातल्या अनेक कहाण्या नवी बिल्ड डिरेक्टरी केल्यावर संपतात. रस्ट भाषेच्या कार्गो या बिल्ड-साधनातही असाच गोंधळ होतो, कारण ‘रस्टफ्लॅग्ज’ हे व्हेरिएबल दिले की कॉन्फिग फाईलमधील फ्लॅग त्यात मिळवले जात नाहीत, ते सोडूनच दिले जातात.

दुसरा सापळा पुनरावृत्ती काढून टाकण्याचा आहे. टार्गेटच्या फ्लॅगांतील सारखे दिसणारे शब्द सीमेक एकदाच ठेवते. त्यामुळे ‘-इन्क्लूड’ आणि पहिले हेडर, पुन्हा ‘-इन्क्लूड’ आणि दुसरे हेडर असे चार सुटे शब्द दिले, तर दुसरा ‘-इन्क्लूड’ नाहीसा होतो, दुसरे हेडर उघडे पडते आणि कंपायलर त्याला कंपाइल करायची फाईल समजतो. मग ‘अनेक फाईलींसोबत -ओ देता येत नाही’ (हा लहान अक्षरातील ‘-ओ’, आउटपुट फाईलचे नाव देणारा) अशी एरर येते, जिचा मूळ कारणाशी वरकरणी काहीही संबंध दिसत नाही. फ्लॅग आणि त्याची किंमत एकाच अवतरणात ‘शेल:’ हा उपसर्ग लावून दिली की ती जोडी एकसंध मानली जाते. ही सोय सीमेक ३.१२ पासून आहे.

दुरुस्ती करताना

ऑटोमेकची मांडणी या बाबतीत अनुकरणीय आहे: प्रकल्पाचे फ्लॅग ‘एएम_सीफ्लॅग्ज’मध्ये राहतात, वापरकर्त्याचे ‘सीफ्लॅग्ज’मध्ये, आणि वापरकर्त्याचे नेहमी नंतर येतात. हाताने लिहिलेल्या मेकफाईलमध्येही हीच विभागणी ठेवावी. कोडला ज्याशिवाय चालणारच नाही ते प्रकल्पाचे, आणि पातळी, डीबग माहिती, वॉर्निंगचा कडकपणा यांसारखे आवडीनिवडीचे विषय वापरकर्त्याचे. ‘मेक’च्या कमांडवर दिलेला ‘सीफ्लॅग्ज’ मेकफाईलमधील नेमणुकीला पुसून टाकतो, तर एन्व्हायर्नमेंटमधला ‘सीफ्लॅग्ज’ त्या नेमणुकीपुढे हरतो. आवश्यक फ्लॅग ‘सीफ्लॅग्ज’मध्येच कोंबलेले असतील, तर पहिल्या प्रसंगी तेही पुसले जातात आणि कोणीतरी ‘ओव्हरराइड’ हा निर्देश वापरून नवा वाद उभा करतो.

शेवटी, दोनदा दिसणारी प्रत्येक गोष्ट दोष नसते. स्टॅटिक लायब्ररी लिंक करताना लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि त्या क्षणी जी चिन्हे (फंक्शन आणि व्हेरिएबलची नावे) हवी आहेत तेवढीच उचलतो. दोन लायब्ररी एकमेकींवर अवलंबून असतील, तर त्यांतली एक पुन्हा लिहावीच लागते. ती पुनरावृत्ती ‘स्वच्छता’ म्हणून काढली, की न सापडलेल्या चिन्हांची एरर येते. तिथे ‘--स्टार्ट-ग्रुप’ आणि ‘--एंड-ग्रुप’ यांच्यामध्ये दोन्ही ठेवता येतात. ॲपलच्या एक्सकोड १५ मधील नवा लिंकर अशा पुनरावृत्तीबद्दल वॉर्निंग देतो, पण तिच्यामुळे लिंकिंग अडत नाही. सीमेकने हेतुपुरस्सर निर्माण केलेली पुनरावृत्ती असेल, तर ‘-नो_वॉर्न_डुप्लिकेट_लायब्ररीज’ देऊन ती वॉर्निंग बंद करावी आणि लायब्ररींचा क्रम तसाच राहू द्यावा.